पोटातली विंडोज

ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी अहिल्यानगर झालं. घोषणा त्याआधीच, ३१ मे २०२३ रोजी, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी चौंडीला झाली होती. मग मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि केंद्राची मंजुरी मिळाली. पाट्या बदलल्या, रबरी शिक्के बदलले आणि जिल्ह्यातल्या डीटीपीवाल्यांसमोर एक काम येऊन पडलं. लेटरहेड, पावतीपुस्तकं, पासबुकं, अहवालांची मुखपृष्ठं असं जिथे जिथे जुनं नाव, तिथे तिथे नवं घालायचं होतं.

ऐकायला हे पाच मिनिटांचं काम वाटतं. पण वीस वर्षांपूर्वीची फाइल आजच्या कॉम्प्युटरवर उघडली, तर तिच्यात ‘अहमदनगर’ दिसतच नाही. डोक्यावर ठिपके आणि टोप्या घेतलेली रोमन अक्षरं दिसतात, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच एखादा एकटा कंस. या धंद्यात याला ‘फाँट फुटला’ म्हणतात. मुरलेला ऑपरेटर अशा वेळी घाबरत नाही. तो पडद्यावरच्या एका चौकोनी चिन्हावर दोनदा क्लिक करतो. एक काळी खिडकी उघडते, तिच्यात निळं आभाळ आणि पांढरे ढग येतात, आणि नव्याकोऱ्या विंडोजच्या पोटात १९९८ सालची विंडोज सुरू होते. तिच्यात पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर, पेजमेकरमध्ये तीच फाइल, आणि फाइलमध्ये शिरोरेघेसकट ठसठशीत ‘अहमदनगर’.

कॉम्प्युटरच्या आत असा दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर चालवणं म्हणजे व्हर्च्युअल मशीन. मोठ्या कंपन्यांत सर्व्हरची बचत करण्यासाठी ते वापरतात. पण नगरसारख्या जिल्ह्यात ते शिरलं छापखान्याच्या दारातून, तेही घरगुती वापराच्या स्वस्त विंडोजवर, जिथे ते चालवायला मायक्रोसॉफ्टची अधिकृत मान्यताच नव्हती. मराठी मजकूर जिवंत ठेवण्याच्या धडपडीचा हा भाग फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही.

नगरला छापील शब्दाची सवय जुनी. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये इथे आलं आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ नगरमधूनच निघू लागला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं छपाई म्हणजे शिशाचे खिळे. देवनागरीची केस इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी, कारण प्रत्येक अर्ध्या अक्षराला, जोडाक्षराला, रफाराला आणि रकाराला वेगळा खप्पा लागे. कंपोझिटर उभ्यानं खिळे जुळवायचा, फर्मा आवळायचा आणि ट्रेडलवर एकेक कागद द्यायचा. मजकूर छापून झाला की खिळे सोडवून पुन्हा खप्प्यांत टाकले जात. म्हणजे मागच्या वर्षीचा मजकूर उरायचाच नाही, उरायचा फक्त छापलेला कागद.

मागच्या वर्षीचा मजकूर उरणं ही या जिल्ह्याची खास गरज होती, आणि ती सहकारातून आली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि १९५०-५१ मध्ये त्यात पहिला गळीत हंगाम झाला. मग कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे असे तालुक्या-तालुक्यांत कारखाने झाले. त्यांच्या आसऱ्यानं दूध संघ, खरेदी-विक्री संघ, विकास सोसायट्या आणि पतसंस्था वाढल्या. ३१ मार्चला वर्ष संपलं की यातल्या प्रत्येक संस्थेला वार्षिक सभा घ्यावी लागते आणि सभेआधी अहवाल छापून सभासदांच्या हाती द्यावा लागतो. म्हणून पावसाळ्याचे शेवटचे दोन महिने म्हणजे इथल्या छापखान्यांची सुगी. रात्र रात्र प्रुफं वाचली जातात.

अहवालाची रचना पाहिली की पुढचं सगळं उलगडतं. ताळेबंदाच्या पानावर दोन रकाने असतात, एक चालू वर्षाच्या आकड्यांचा आणि एक मागील वर्षाच्या. संचालकांची यादी बहुतेक तीच, विषयपत्रिकेचे विषय तेच, पोटनियमांची भाषाही तीच. त्यामुळे ऑपरेटर कोऱ्या पानापासून कधीच सुरुवात करत नाही. तो मागच्या वर्षीची फाइल उघडतो, आकडे एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवतो आणि नवे भरतो. या वर्षीची फाइल गेल्या वर्षीच्या फाइलीच्या खांद्यावर, ती त्याच्या आधीच्या वर्षीच्या. ही साखळी ज्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू झाली, त्याच सॉफ्टवेअरमध्ये ती चालवावी लागते.

ती सुरू झाली पेजमेकरमध्ये. ऑल्डस कंपनीनं १९८५ मध्ये पेजमेकर आणलं आणि १९९४ मध्ये ती कंपनी अडोबीनं घेतली. मराठीची बाजू पुण्यात उभी राहत होती. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर झालेलं काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेकडे ‘जिस्ट’ या नावानं आलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि बंगळूरची आकृती ही पॅकेजं गावोगावच्या डीटीपी सेंटरांत पोचली. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, यात्रेचे फलक आणि निवडणुकीचे जाहीरनामे असा सगळा मजकूर खिळ्यांवरून माउसवर आला.

पण ही पॅकेजं मराठीला एका अडचणीच्या जागेत बसवत होती. तेव्हाच्या फाँटमध्ये एकूण २५६ घरं. त्यांतली पहिली ३२ कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामासाठी राखीव, उरली २२४. एवढ्यात अख्खी अक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्या, उकार, रफार, अंक आणि विरामचिन्हं कोंबायची. मग अक्षरांचे तुकडे केले गेले. अर्धा ‘म’ एका घरात, काना दुसऱ्यात, दोन्ही जोडले की पूर्ण ‘म’. हे तुकडे ज्या घरांत बसत, ती घरं मुळात रोमन अक्षरांची. कॉम्प्युटरच्या लेखी मराठी मजकूर नव्हताच, होती फक्त वेड्यावाकड्या रोमन अक्षरांची माळ, आणि तिच्यावर मराठीचा मुखवटा चढवणारा फाँट.

प्रत्येक कंपनीनं घरवाटप आपापल्या हिशेबानं केलं होतं. एकीच्या घरातला ‘क’ दुसरीकडे अनुस्वार होऊन बसे. बटण दाबल्यावर योग्य तुकडा योग्य घरातून काढून देणारा कीबोर्डचा प्रोग्राम विंडोजच्या अगदी आतड्यांत शिरून काम करायचा, त्यामुळे तो एका ठराविक विंडोजशीच जुळलेला असे. काही पॅकेजांबरोबर कॉम्प्युटरच्या मागच्या प्रिंटर पोर्टात खोचायचं एक बोटभर लांबीचं लॉक यायचं. ते नसेल तर पॅकेज उघडतच नसे. फाइल, फाँट, कीबोर्डचा प्रोग्राम, पेजमेकरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती आणि लॉक यांतलं एक जरी निखळलं, तरी मराठी फुटायची.

आणि विंडोज बदलत होती. १९९८ नंतर २००१ मध्ये एक्सपी आली. ती आतून वेगळ्या जातीची असल्यामुळे ९८ साठी लिहिलेले कीबोर्डचे प्रोग्राम तिच्यावर अडखळायचे. पॅकेजवाल्यांनी नव्या आवृत्त्या काढल्या, पण त्या विकत घ्याव्या लागत. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आली, तोवर अडोबीनं पेजमेकरची वाढ थांबवली होती. २००१ मधली ७.० हीच त्याची शेवटची आवृत्ती. नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर व्हिस्टा पदरात पडणार, आणि व्हिस्टात पेजमेकरला जागा नव्हती.

व्हर्च्युअल मशीनची कल्पना मात्र जुनी होती. आयबीएमनं १९७२ मध्येच आपल्या अवाढव्य मेनफ्रेमवर व्हीएम/३७० नावाची प्रणाली दिली होती, जिच्यात एका यंत्राची अनेक यंत्रं भासत. घरगुती कॉम्प्युटरवर ती कल्पना आणणाऱ्यांत कनेक्टिक्स ही कंपनी होती. तिचं व्हर्च्युअल पीसी १९९७ मध्ये मॅकिंटॉशवर विंडोज चालवण्यासाठी आलं. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं आणि जुलै २००६ मध्ये फुकट केलं. फेब्रुवारी २००७ मध्ये, व्हिस्टाच्या पाठोपाठ, व्हर्च्युअल पीसी २००७ आलं. छापखान्यांना ते अगदी वेळेवर मिळालं.

मेख होती ती आवृत्त्यांच्या यादीत. हे सॉफ्टवेअर कोणत्या विंडोजवर चालेल, याच्या अधिकृत यादीत एक्सपी प्रोफेशनल होती, व्हिस्टाच्या बिझनेस, एंटरप्राइज आणि अल्टिमेट आवृत्त्या होत्या. होम आवृत्त्या नव्हत्या. आणि तालुक्याच्या गावातल्या दुकानातून ब्रँडेड कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप घेतला, तर त्याच्यावर आधीच घातलेली विंडोज बहुतेक होमच असायची, कारण तीच स्वस्त होती. घराच्या पुढच्या खोलीत चालणारं डीटीपी सेंटर हा कागदोपत्री घरगुती वापरच ठरत होता.

होमवर व्हर्च्युअल पीसी बसवायला घेतलं की एक सूचना यायची, की या ऑपरेटिंग सिस्टिमला आमचा सपोर्ट नाही. पण ती नुसती सूचनाच होती. पुढे जाण्याचं बटण खाली असायचं, ते दाबलं की इन्स्टॉलेशन पूर्ण व्हायचं आणि मशीन चालायचं. यंत्राच्या दृष्टीनं होम आणि प्रोफेशनल यांच्यात या कामापुरती अडचण येईल असा फरकच नव्हता. सपोर्ट नाही याचा अर्थ एवढाच, की बिघडलं तर कंपनी उत्तर देणार नाही. नेवाशात किंवा पाथर्डीत बसलेल्या माणसाला कंपनी एरवी तरी कुठे उत्तर देत होती? ही भिंत तंत्रानं घातलेली नव्हती, विक्रीच्या हिशेबानं घातलेली होती, हे ज्यांनी बटण दाबून पाहिलं त्यांना कळलं.

परवान्याचा असाच एक अडसर उलट्या दिशेनंही होता. व्हिस्टाच्या होम आवृत्त्या व्हर्च्युअल मशीनच्या आत घालायला सुरुवातीला करारातच मनाई होती. जानेवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती उठवली. मराठी डीटीपीवाल्यांना त्यानं काही फरक पडला नाही. त्यांना आत हवी होती ती जुनी ९८ किंवा एक्सपी, आणि तिची सीडी बहुतेकांच्या कपाटात, ड्रायव्हरच्या सीडींच्या चवडीत पडून होतीच.

हे मशीन उभं करण्याची कृती पाहण्यासारखी आहे. आधी त्याला मेमरी नेमून द्यायची. इथे नवशिक्याची पहिली चूक व्हायची, तो सढळ हातानं मेमरी द्यायचा. विंडोज ९८ ला ५१२ एमबीच्या वर मेमरी मिळाली तर ती गोंधळते आणि मेमरी कमी आहे अशीच तक्रार करत बंद पडते. १२८ एमबी दिली की ती सुखानं चालते. मग एक रिकामी आभासी डिस्क, तिच्यात ९८, मग पेजमेकर, मग मराठी पॅकेज. शेवटी ‘ॲडिशन्स’ नावाचा पूरक भाग घालायचा. त्यानं माउस आत-बाहेर मोकळा फिरतो आणि बाहेरचा एखादा फोल्डर आत दिसतो. तो घालेपर्यंत माउस आतच अडकून राहतो आणि त्याला सोडवायला उजवीकडचं ऑल्ट बटण दाबावं लागतं. ज्यांच्या बोटांत ऑल्ट दाबून टाइप करायचे मराठी अक्षरांचे आकडे बसले होते, त्यांना डावं ऑल्ट अक्षरांसाठी आणि उजवं सुटकेसाठी ही सवय नव्यानं लावावी लागली.

लॉकचा प्रश्न सर्वांत चिवट होता. व्हर्च्युअल पीसी २००७ कॉम्प्युटरचा खरा प्रिंटर पोर्ट आतल्या विंडोजला देऊ शकत होतं, त्यामुळे जुनं लॉक चालायचं. यूएसबी मात्र ते आत पोचवत नव्हतं. आणि नव्या लॅपटॉपना प्रिंटर पोर्टच नव्हता. यूएसबीतून प्रिंटर पोर्ट काढून देणारी वायर बाजारात मिळायची, पण ती प्रिंटरपुरती, लॉकला ती ओळखायची नाही. म्हणून कित्येक सेंटरांत मागे लांबट पोर्ट असलेला डेस्कटॉप कितीही जुना झाला तरी भंगारात गेला नाही.

काम झालं की आतून पीडीएफ काढायची. तिच्यात फाँट रुतून बसतो, त्यामुळे बाहेर कुठल्याही मशीनवर ती फुटत नाही. सामायिक फोल्डरमधून ती बाहेर घ्यायची, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढायचं आणि प्लेट करायला पाठवायचं.

वीज ही त्या वर्षांतली मोठी गोष्ट. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात लोडशेडिंग दिवसाला बारा-बारा तासांवर जात होतं. दिवे गेले की यूपीएस पाच-दहा मिनिटं तग धरायचा, तेवढ्यात फाइल सेव्ह करून सगळं बंद करायची धावपळ उडायची. व्हर्च्युअल मशीनला मात्र आहे तिथे गोठवता येतं. अर्धं टाइप केलेलं वाक्य, उघडलेली पानं आणि लुकलुकणारा कर्सर, सगळं जसंच्या तसं डिस्कवर उतरतं. वीज आली की वाक्य जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. परदेशात ही सोय प्रोग्रामरांना चाचण्या करण्यासाठी केलेली होती. इथे तिनं ऐन सभेच्या हंगामात ताळेबंद वाचवले.

छापखान्यांच्या जोडीनं कॉलेजंही याच वाटेवर आली. लोणी आणि कोपरगाव इथे १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं सी आणि सी प्लस प्लस शिकवलं जायचं ते बोरलँडच्या टर्बो सीमध्ये, म्हणजे १९९० च्या आसपासच्या डॉसच्या प्रोग्रामवर. विंडोज ६४ बिटची झाली आणि डॉसचे असे प्रोग्राम तिनं पूर्णपणे नाकारले. मग मुलांच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स आलं. मुळात जुने खेळ खेळता यावेत म्हणून २००२ मध्ये निघालेलं हे फुकट सॉफ्टवेअर डॉसचा अख्खा कॉम्प्युटर भासवतं. ‘माउंट’ची आज्ञा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायची आणि रोज टाइप करायची, असं करत मुलं प्रॅक्टिकलच्या परीक्षा देऊन पास झाली. डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये हिशेब ठेवणाऱ्या संस्थांवरही हीच वेळ आली.

विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आली तेव्हा मायक्रोसॉफ्टनं स्वतःच या गरजेची दखल घेतली. ‘एक्सपी मोड’ या नावानं व्हर्च्युअल मशीन आणि त्याच्या आत तयार, परवान्यासकट एक्सपी फुकट दिली. पण फक्त प्रोफेशनल, एंटरप्राइज आणि अल्टिमेट या आवृत्त्यांना. भारतासारख्या देशांसाठी त्यांनी ‘होम बेसिक’ नावाची खास स्वस्त आवृत्ती काढली होती, आणि इथल्या दुकानांतल्या लॅपटॉपवर तीच यायची. होम बेसिकवर नवं व्हर्च्युअल पीसी चालत होतं, पण फुकटची एक्सपी तिला नव्हती. शिवाय सुरुवातीला प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय असणं सक्तीचं होतं. ती अट मार्च २०१० मध्ये काढली, तोवर कितीतरी जणांनी नाद सोडला होता. ज्या देशांत जुनं सॉफ्टवेअर सर्वांत जास्त काळ वापरावं लागतं, त्याच देशांच्या आवृत्तीतून जुनं सॉफ्टवेअर चालवण्याची सोय वगळली गेली, हे खटकतंच.

तिथे व्हर्च्युअलबॉक्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर कामी आलं. इनोटेक या जर्मन कंपनीनं जानेवारी २००७ मध्ये ते खुलं केलं, पुढच्या वर्षी ते सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. होम की प्रोफेशनल, हे ते विचारतच नाही. यूएसबीचं लॉकही ते आत पोचवतं. त्याची एक उणीव म्हणजे विंडोज ९८ साठी त्याच्याकडे पूरक भाग नाही, म्हणून पडदा सोळा रंगांतच अडकतो आणि माउस आत-बाहेर सहज फिरत नाही. रंगीत लग्नपत्रिकेला ते चालणार नाही. अहवालाच्या काळ्या मजकुराला सोळा रंग पुष्कळ झाले. एक्सपी आत घातली तर तोही प्रश्न येत नाही. हे अख्खं मशीन, म्हणजे विंडोज, पेजमेकर, फाँट आणि दहा वर्षांच्या फाइली, डिस्कवर एकाच फाइलच्या रूपात असतं. पेन ड्राइव्हवर घातलं की एका सेंटरमधून दुसऱ्यात जातं. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला, जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा. बाहेरचं घर तीनदा जुनं झालं, आतलं मशीन नुसतं उचलून नव्या घरात ठेवलं गेलं.

‘मग सगळं युनिकोडमध्येच का आणत नाहीत?’ असं बाहेरची माणसं विचारतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीला स्वतःची घरं देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून ती पडद्यावर नीट दिसते, आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टरही आहेत. अडचण अक्षरांच्या क्रमाची आहे. जुन्या फाँटमध्ये मजकूर जसा दिसतो तसा साठवलेला असतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये तो जसा उच्चारला जातो तसा असतो, आधी अक्षर आणि मग वेलांटी, आधी ‘र’ आणि मग पुढचं अक्षर. कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे न्यावी लागते आणि प्रत्येक रफार अलीकडे आणावा लागतो. जोडाक्षर तीन तुकड्यांचं असलं की तो चुकतो. ‘वर्षाअखेर’ आणि ‘कार्यक्षेत्र’ हे शब्द अहवालात पानोपानी येतात, आणि प्रत्येक ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. त्यात पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. म्हणजे मजकूर बदलला की मांडणीही पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये नव्यानं करायची. पन्नास पानांच्या अहवालासाठी एवढी मेहनत करायला संस्था वेगळे पैसे देत नाही, आणि सभेची तारीख पुढे जात नाही.

याचा अर्थ जुनं मशीन कायमचं चालवावं असा नाही. आतल्या विंडोजला सुरक्षेचं कुठलंच कवच नसतं, म्हणून शहाणी माणसं तिला इंटरनेट जोडत नाहीत, नेटवर्कची सोय बंदच ठेवतात. नव्या अहवालांना युनिकोडच बरं, आणि बरीच सेंटरं तिकडे वळलीही आहेत. पण १९९५ ते २०१० या दीड दशकात संस्थांचे अहवाल, स्मरणिका, गौरवग्रंथ आणि गावोगावच्या देवस्थानांच्या पुस्तिका ज्या फाइलींत साठल्या, त्या वाचायचा रस्ता अजून या काळ्या खिडकीतूनच जातो. या जिल्ह्याचा सहकार अभ्यासणाऱ्याला हा रस्ता उघडा राहणं फार गरजेचं आहे.

नाव बदलण्याच्या कामात हा सगळा इतिहास एका शब्दापाशी येऊन थांबतो. ‘अहमदनगर’मध्ये ना वेलांटी, ना जोडाक्षर. ‘अहिल्यानगर’मध्ये दोन्ही. जुन्या फाइलीत ते लिहायचं तर ‘अ’ झाला की आधी ऱ्हस्व वेलांटीचं घर, मग ‘ह’चं, मग अर्ध्या ‘ल’चं, मग ‘य’, मग काना. चार वेगवेगळ्या पॅकेजांतल्या फाइली असतील तर चार वेगवेगळ्या माळा. ऑपरेटर पहिल्या पानावर नवं नाव एकदा हातानं टाइप करतो, वेलांटीची कमान ‘ह’वर नीट बसली का हे चारशे टक्के मोठं करून पाहतो, मग तो शब्द कॉपी करून पुढच्या पानांवर चिकटवत जातो. शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्यात, जुनं नाव आणखी एकदा सापडतं. तेही बदलून तो पीडीएफ काढतो आणि मशीन गोठवून ठेवतो.